नार्वे–दिवाडी–जुने गोवे फेरीबोट: पाचपैकी चार तारे

आईला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यायचे असले की आम्ही डिचोलीहून साखळीला वळसा घालत नाही, नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट धरतो. दिवाडी बेटाला पूल नाही, त्यामुळे एकदा इकडून आत आणि पुन्हा जुने गोवेच्या बाजूला बाहेर, अशा दोन फेऱ्या लागतात. पायी प्रवाशाला तिकीट नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ही सवलत किती मोठी आहे ते धक्क्यावर उभे राहून पाहा.

मला सर्वांत आवडते ती बोटीची उतरती फळी. आईचे गुडघे गेलेत. बसच्या उंच पायऱ्यांपुढे ती घाबरते, पण व्हीलचेअर फळीवरून थेट आत जाते. खलाशी न सांगता पुढचे चाक धरतात. देव बरे करो त्यांचे.

एक तारा कमी केला तो मधल्या वाटेसाठी. बेटावर एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जायला बस मिळेलच असे नाही. आली तरी बोट लागायच्या आधीच निघून गेलेली असते. पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या) मागे मी बसेन, आई कशी बसणार? ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या रात्री फोन करून ठेवा. बोट टेकल्यावर पाच मिनिटे थांबणारी, खाली पायरी असलेली एक छोटी बस इथे हवीच. पावसात भरती जोरात असेल तर हाताशी वेळ ठेवून निघा.