सोसायचं, बोलायचं, तक्रार करायची की नोकरी सोडायची? कामावरच्या त्रासापुढे ख्रिस्ती माणसाचे चार मार्ग

समजा, तुम्ही एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहात. ड्युटी लावणारी सीनियर सिस्टर सलग तिसऱ्या महिन्यात तुम्हालाच रविवारची सकाळ देते. हँडओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर चुका काढते. उपासनेसाठी सुट्टी मागितली की "तुमचं दर आठवड्याला काहीतरी असतंच" म्हणून उडवून लावते. आई म्हणते, सोसून घे, प्रभू बघतोय. मैत्रीण म्हणते, थेट मेट्रनकडे जा. नवरा म्हणतो, दुसरीकडे बघ. तिघांकडेही बायबलमधलं वचन तयार असतं. तिच्याशी जाऊन बोल, असं मात्र सहसा कोणी सुचवत नाही. बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी सोसण्याबद्दल, कारण आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यात जास्त उपदेश त्याचाच होतो. दुसरा गाल पुढे करा, एक मैल न्यायला लावलं तर दोन मैल जा. याची ताकद मी अजिबात कमी लेखत नाही. एखाद्याचं बोलणंच तिरकस असतं, कोणी कामाचं कौतुक कधी करत नाही, कोणाचा मूड सकाळीच गेलेला असतो. अशा गोष्टींवर दाद मागायला निघालं तर कामच होणार नाही. दानीएलाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, सहकाऱ्यांचा मत्सर आजच्या ऑफिसासारखाच दिसतो. राजा दानीएलाला साऱ्या राज्यावर नेमणार म्हटल्यावर बाकीचे अध्यक्ष आणि प्रांताधिकारी त्याच्या कामात खोट शोधायला लागतात, आणि त्यांना ती सापडत नाही. तो कुणाशी भांडत बसला नाही, पण खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करणंही त्याने सोडलं नाही. म्हणजे सोसण्याला दोन अटी आहेत: आपलं काम चोख हवं, आणि त्रासापायी आपण आपली श्रद्धा लपवता कामा नये.

दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला प्रमुख याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो काय म्हणाला हे योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने हात उचलला नाही, शाप दिला नाही, पण जाब विचारला. गप्प बसणं हाच ख्रिस्ती स्वभाव, असं शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. स्वतःला तपासण्याची एक साधी खूण आहे. त्या सिस्टरसाठी मनापासून प्रार्थना करता येत असेल, तर सोसणं जमतंय. ड्युटीवरचा राग घरी मुलांवर निघत असेल, तर तो नुसता साठतोय आणि मार्ग बदलायची वेळ झाली आहे.

आता बोलण्याचा मार्ग. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रमच घालून दिला आहे: आधी एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. हे मंडळीतल्या भावाबद्दल सांगितलंय, त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या सहकाऱ्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही, तिसऱ्या पायरीवर मंडळीच्या जागी मेट्रन किंवा एचआर येणार. पण पहिली पायरी सगळ्यांना लागू आहे, आणि आपण नेमकी तीच चुकवतो. त्याऐवजी विषय जातो घरगुती प्रार्थना सभेत. नावासकट, तपशिलासकट "प्रार्थनेची विनंती" मांडली जाते, आणि चहा येईपर्यंत तिची चुगली झालेली असते. प्रार्थना नाव न घेताही मागता येते.

एकट्याने बोलायचं म्हणजे नर्सिंग स्टेशनवर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर नाही. ड्युटी संपल्यावर, दोघीच असताना. "तुम्ही नेहमीच माझ्यावर अन्याय करता" म्हटलं की संवाद तिथेच संपतो. त्यापेक्षा असं बघा: "सिस्टर, या महिन्याचे चारही रविवार मला सकाळी आले आहेत. मागचे दोन महिनेही तसेच गेले. दोन रविवार दुपारची ड्युटी मिळाली तर मी बदल्यात नाइट करायला तयार आहे." यात तारखा आहेत, मागणी आहे आणि स्वतःकडून देणंही आहे. माणसं मोठी असली तरी असं बोलता येतं. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर धर्ममतांवरून तिथल्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. रमाबाईंनी न पटलेलं पत्रांतून स्पष्ट लिहिलं, आणि भारतात परतल्यावरही तो पत्रव्यवहार चालू राहिला.

चारही मार्ग शेजारी ठेवले तर सोसणं वरवर स्वस्त दिसतं, पण त्याची किंमत हळूहळू आणि आतून द्यावी लागते. बोलायला धाडस एकदाच लागतं आणि संबंध सुधारण्याची खरी शक्यता इथेच असते. धोका एवढाच की समोरची व्यक्ती डूख धरेल. तक्रारीने संबंध जवळपास नक्की बिघडतात, पण काही त्रास असे असतात की संबंध जपणं हा मुद्दाच उरत नाही.

लैंगिक छळ, जातीवरून किंवा धर्मावरून अपमान, पैशांची अफरातफर, पेशंटच्या जिवाशी खेळ. इथे एकट्याने जाऊन बोलण्याचा आग्रह कोणी धरू नये, चर्चच्या पाळकांनीही नाही. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी गुपचूप सोडायला निघाले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाकडे बोट दाखवलं आणि अधिकाऱ्यांनी स्वतः यावं असं सांगितलं. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडेही दाद मागितली. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समेटाची तरतूद आहे, पण ती फक्त तक्रारदार स्त्रीने मागितली तरच, आणि पैसे हा त्या समेटाचा आधार असू शकत नाही. म्हणून "माफ कर, मिशनचं नाव खराब होईल" असं कोणी म्हणालं तर दबायचं कारण नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये असं आहे खरं, पण तो उपदेश गुन्हा झाकण्यासाठी वापरणं मला घोर अन्याय वाटतो. क्षमा मनाने करता येते आणि तक्रार कागदावर राहू शकते.

उरलं सोडून जाणं. उत्पत्तीच्या पुस्तकात गराराच्या खोऱ्यात इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, तंटा झाला. दुसरी खणली, पुन्हा तंटा. तो पुढे गेला आणि तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडलं नाही. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. फक्त दुसरी नोकरी हातात येण्याआधी, आणि एकदा तरी बोलून बघण्याआधी, हा मार्ग घेऊ नये. राजीनाम्यात टोमणे नकोत, नोटीस पीरियड पूर्ण करावा, शेवटच्या दिवसाचा हँडओव्हरही नीट द्यावा. मार्क नावाच्या सोबत्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा इतके भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण वर्षांनी पौलाने तीमथ्याला लिहिलं, मार्काला सोबत घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.