आमच्या गावचा आरओ प्लँट, 7 वर्षं रोज पाणी भरल्यावरचा रिव्ह्यू

पांढरकवड्याच्या बाजूचं आमचं गाव, यवतमाळ जिल्हा. या पट्ट्यात बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघतं, म्हणजे जमिनीतल्या खडकातून पाण्यात उतरणारा क्षार, तो जास्त झाला की दात आणि हाडं खराब होतात. पाणी दिसायला नितळ, चव गोड, वास काही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला शंकाच आली नाही, सासूबाईंची कंबर धरली तर सगळे वात म्हणायचे आणि पोरांचे दात पिवळे तर नीट घासत नाहीत म्हणून पोरांनाच रागवायचे. मीपण रागवलेय माझ्या मुलीला, आता आठवलं की फार वाईट वाटतं.

पाणी गाळून शुद्ध करणारा हा आरओ प्लँट सुरू झाला तेव्हा मुलगी 8 वर्षांची आणि मुलगा 4 महिन्यांचा होता. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेली दोघं. मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत, ती हसताना तोंडावर हात धरते, दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायचा होता तर ओठ घट्ट मिटून बसली. लहान असताना विचारायची, "आई, माह्ये दात काऊन असे?" आता विचारत नाही. मुलाचे दुधाचे दात पडून यंदा समोरचे दोन पक्के दात आले आणि ते पांढरे आहेत, एक डाग नाही. मी उजेडात नेऊन दोनदा बघितले. डॉक्टरांनी सांगितलं की पक्क्या दातांचं वरचं कवच हिरडीच्या आत लहानपणीच तयार होतं, त्या वर्षांत जे पाणी पोटात गेलं ते दातावर उमटतं आणि नंतर कितीही चांगलं पाणी प्यायलं तरी तो डाग जात नाही. म्हणजे मुलीसाठी प्लँट उशिरा आला आणि मुलासाठी वेळेवर, एवढाच फरक.

आता प्लँटबद्दल. 5 रुपयांचं कॉइन टाकलं की 20 लिटर पाणी. सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 5 नंतर. आमच्या 5 माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला एक कॅन कसाबसा पुरतो, उन्हाळ्यात दोन लागतात. रोज मजुरीवर जाणाऱ्या घराला महिन्याचे 150 रुपये जड जातात, म्हणून कितीतरी जणी पिण्यापुरतं इथलं आणतात आणि वरण-भात हापशीच्या पाण्यात शिजवतात. असं करू नका हो. फ्लोराईड उकळून उडत नाही, पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं, डाळ-तांदूळ तेच पाणी पिऊन फुगतात. नुसती तुरटी फिरवूनही जात नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत काढलीय पण त्यात पाणी तपासून माप ठरवावं लागतं, ढवळून निवळू द्यावं लागतं, अंदाजाने करायचं काम नाही ते.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या 5 बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्यात मी आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, गुलाबी रंग राहिला तर बरं आणि पिवळा व्हायला लागला तर फ्लोराईड जास्त. हापशीची नळी माझ्या डोळ्यांसमोर पिवळी झाली आणि प्लँटची गुलाबीच राहिली. त्या दिवशी घरी येऊन माठातलं सगळं पाणी ओतून दिलं. प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. प्लँटवर जो टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून, आकडा दाखवतात त्यावरून फ्लोराईड कळत नाही, त्यावर समाधान मानू नका, फ्लोराईडचा वेगळा रिपोर्ट मागा.

तक्रारी आहेत. मागच्या मे महिन्यात प्लँट 19 दिवस बंद होता, मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, खराब झालं होतं आणि ज्यांच्याकडे देखभालीचं काम आहे ते फोनच उचलत नव्हते, लोक परत हापशीवर गेले, आम्ही शेजारच्या गावातून मोटरसायकलवर कॅन आणले, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं? मेम्ब्रेनचे पैसे दर महिन्याच्या वसुलीतून बाजूला काढून ठेवायला पाहिजेत. दुसरं म्हणजे प्लँटचं फेकायचं पाणी, त्यात फ्लोराईड अजून जास्त असतं आणि ते नालीतून थेट ढोरांच्या हौदात जातंय. गायीबैलांनाही हाडांचा त्रास होतो याने, तो पाइप आधी तिकडून वळवा.

आणि सगळ्यात मोठी तक्रार शाळेची. पोरं दिवसातले 6 तास तिथे असतात आणि तहान लागली की हापशीवर ओंजळ धरतात, खिचडीही त्याच पाण्यात शिजते. प्लँटपासून शाळेची भिंत 200 पावलांवर आहे, मी मोजलीत. मी मुलाला बाटली भरून देते पण दुपारपर्यंत ती संपते. पहिलीतल्या पोरांचे पक्के दात अजून हिरडीतच तयार होतायत, यांच्यासाठीच तर घाई आहे.

मी 5 पैकी 4 स्टार देतेय. पाण्याला पूर्ण मार्क, एक स्टार त्या 19 दिवसांचा आणि शाळेचा कापलाय. येत्या ग्रामसभेत शाळेच्या पाइपचा अर्ज आम्ही पाचही जणी मिळून देणार आहोत, हापशीच्या पाण्याची नळी सोबत नेऊन सगळ्यांसमोर थेंब टाकून दाखवणार.