घाट न चढता दुरुस्त होणारा लॅपटॉप: थिंकपॅड टी४८०

आधी निकाल सांगते. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हे २०१८ सालचं मॉडेल आहे, दिसायला ठोकळा आहे, स्क्रीन फिकी आहे. तरीही कोकणात बसून रोज लॅपटॉपवर काम करणाऱ्या कुणालाही मी तोच घ्यायला सांगेन. तो उघडता येतो, आणि उघडल्यावर आतल्या बहुतेक गोष्टी सुट्या निघतात.

मी देवगड तालुक्यात ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानची ई-केवायसी, शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या वेळी जातीचे दाखले आणि नॉन-क्रिमीलेअर, नोव्हेंबरात आंबा-काजूच्या फळपीक विम्याचे अर्ज. हे सगळं एका लॅपटॉपवर चालतं. त्याला थंब मशीन, प्रिंटर, स्कॅनर जोडलेले. जागा कौलारू, समुद्र जवळ, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजून कुरकुरतात, तिथे लॅपटॉपच्या आतल्या नाजूक कामाचं काय होत असेल ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

याआधी माझ्याकडे एका नावाजलेल्या कंपनीचा पातळ, देखणा लॅपटॉप होता. वॉरंटी संपल्यानंतरच्या आषाढात तो सुरूच होईना. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय. यात मला हात घालता येणार नाही." रॅम म्हणजे लॅपटॉप काम करताना वापरतो ती मेमरी, आणि ती बोर्डाला कायमची डागलेली. मग एसटीने फोंडा घाट चढून कोल्हापूर. तिथे त्यांनी यंत्र ठेवून घेतलं आणि नंतर फोन केला: अख्खा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलावा लागेल, पार्ट मागवावा लागेल, आणि खर्चाचा आकडा असा की त्यात थोडी भर घातली तर नवाच येईल. "मॅडम, नवाच घ्या," असा सल्लाही त्यांनीच दिला.

त्या काळात दारात आलेल्यांना परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं. वाडीवरून सकाळच्या एसटीने आलेली आजी विचारायची, "माझा काम आज होतला काय गो बाय?" तिची ती एक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि दुपारच्या एसटीपर्यंत थांबणं. वर सरकारी मुदती. त्या माझा लॅपटॉप दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहीत. लॅपटॉप बंद पडला तर माझं नुकसान होतंच, पण त्याहून मोठं नुकसान त्या आजीचं होतं. दुरुस्त होणारा लॅपटॉप हवा हे मी तेव्हा ठरवलं.

टी४८० मुंबईहून रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला काढलेला, मागवला, वीस हजारांच्या आत पडला. आतमध्ये रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीची (फाइली साठवणाऱ्या भागाची) वेगळी जागा, सुटं वायफाय कार्ड, सुटा पंखा. आणि मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे कंपनीचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. ते लेनोवोच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. कुठला भाग काढायच्या आधी कुठला काढायचा, कुठे किती स्क्रू, वायर कुठून फिरलेली, सगळं चित्रांसकट. मी त्याची प्रिंट काढून, पंच करून फाइलला लावली आणि दुरुस्तीवाल्याकडे त्याची एक प्रत देऊन ठेवली. तो म्हणाला, इतकी वर्षं अंदाजाने उघडत आलो.

आता खरी परीक्षा कधी झाली ते सांगते. श्रावणात, सलग पाऊस लागलेला असताना, हाही एका सकाळी बीप देऊन गप्प झाला. स्क्रीन काळी. लक्षणं बरीचशी जुन्या यंत्रासारखीच होती, आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. फोनवर दुरुस्तीवाला म्हणाला, "रॅम काढून पुसून लावा, ताई. पावसाळ्यात हेच होतं."

तेव्हा केलं ते असं. अंतर्गत बॅटरी आधी बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, बंद करायची असते: सुरू करताना एफ१ दाबायचं, कॉन्फिग, त्यात पॉवर, आणि तिथे बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायची सोय आहे. माझी स्क्रीनच येत नव्हती, म्हणून चार्जर काढला, मागची बॅटरी काढली आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी आतल्या बॅटरीची वायर सोडवली. झाकणाला सहा स्क्रू आहेत आणि ते झाकणातच अडकून राहतात. सैल करा, पण हातात येत नाहीत, त्यामुळे शेणाने सारवलेल्या ओटीवर बसून काम केलं तरी हरवायची भीती नाही. स्क्रू सैल झाले की कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवायचं, खटखट करत लॉक सुटतात. आत रॅमची पट्टी दोन बाजूंच्या पातळ चिमट्यांनी धरलेली असते. चिमटे बाजूला केले की पट्टी स्वतःहून तिरकी वर येते. तिच्या कडेचे सोनेरी दात काळपट, मळकट पडले होते. खारा दमट वारा बसतो तो तिथे. पोरांच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला, दातांवर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवला, रबराचा भुगा ब्रशने झाडला, पट्टी परत खाचेत बसवली. चिमटे 'टक' करून लागले. वायर जोडली, झाकण न लावताच चार्जर लावला. पहिल्यांदा चालू व्हायला त्याने जरा वेळ घेतला, मग लाल ठिपक्याचा लोगो स्क्रीनवर आला.

खर्च शून्य. दहाच्या एसटीने आलेल्या माणसाचं काम झालं.

रॅम बोर्डाला डकवलेली असती तर यातलं काहीच करता आलं नसतं. कंपन्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. सोल्डर केलेली रॅम कमी वीज खाते, कमी जागेत बसते, आणि खाचेत जोड नसल्यामुळे ती ढिली पडायचा प्रश्नही नाही. यात तथ्य आहे. पण आता एलपीकॅम२ नावाची, कमी वीज खाणारी आणि तरीही स्क्रूने सुटणारी रॅम आली आहे, आणि लेनोवोनेच २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ती वापरली. म्हणजे पातळपणा आणि सुटेपणा एकत्र नांदू शकतात. करायची इच्छा हवी.

बॅटरीबद्दल तर मी कितीही बोलेन. टी४८०ला दोन बॅटऱ्या: एक आत, २४ वॉट-तासांची, आणि दुसरी मागे, खिट्ट्या सरकवून निघणारी. मागची २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची मिळते. मागची संपली की लॅपटॉप चालू असतानाच ती काढून दुसरी भरलेली लावायची, तेवढा वेळ आतली बॅटरी सांभाळून घेते. आमच्याकडे वाऱ्याने माडाची झावळी तारेवर पडली की लाइट दुपारची गेलेली संध्याकाळी येते, इन्व्हर्टर तोवर मान टाकतो. अशा दिवशी फोनचं हॉटस्पॉट आणि दोन मागच्या बॅटऱ्या, एवढ्यावर केंद्र उघडं राहतं. अर्धा भरलेला अर्ज उडत नाही, ओटीपी परत मागवावा लागत नाही. शिवाय बॅटरी म्हातारी झाली की तेवढीच बदलायची. आधीच्या लॅपटॉपची बॅटरी आतून चिकटवलेली होती, ती फुगली तेव्हा टचपॅड वर आलं होतं. फुगलेली बॅटरी पेटू शकते, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कृपा करून माहीत करून घ्या आणि असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका.

बॅटरी घेताना एक काळजी: बाजारात स्वस्त नकली माल भरपूर आहे. वरचं लेबल अस्सल दिसतं, पण वजनाला हलकी लागते आणि चार्ज टक्केवारी एकदम कोसळते.

कीबोर्ड सांडलेलं पाणी खाली वाहून जाईल असा बनवलेला आहे आणि मदरबोर्ड न उचकटता बदलता येतो. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला याच्या बटणांच्या दाब-उसळीची हाताला सवय लागते, मग दुसरा कीबोर्ड नकोसा होतो. जुन्या पद्धतीचं लॅन पोर्टही आहे, वायफाय पावसात लहरी झालं की मी सरळ वायर लावते.

आता उणिवा. मूळ स्क्रीन उजेडाला कमी पडते, खिडकीजवळ बसलं की सातबाऱ्यातले बारीक आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात. कॅमेरा जेमतेम. वजन दीड किलोच्या वर, मोठी बॅटरी लावली की आणखी. प्रोसेसर बोर्डालाच जोडलेला, तो बदलता येत नाही. आणि मला सगळ्यात खटकणारी गोष्ट: चार्जिंग यूएसबी-सीवरूनच होतं आणि ते पोर्ट बोर्डाला सोल्डर केलेलं आहे. रोज वायर काढ-घाल करून ते ढिलं झालं तर सोल्डरिंगचा चांगला हात शोधावा लागतो. मी म्हणून चार्जरची वायर टेबलाला क्लिपने बांधून टाकली आहे, पोर्टावर ओढ येत नाही.

हा प्रश्न ज्यांनी मुळातून सोडवला ते म्हणजे अमेरिकेतली फ्रेमवर्क ही कंपनी. त्यांचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये लोकांच्या हातात पडला. त्यात पोर्टं म्हणजे छोट्या सुट्या वड्या असतात, बाजूने सरकवून बसवायच्या. यूएसबी खराब झालं तर वडी बदलायची, एचडीएमआय नको असेल तर काढून ठेवायची. भागांवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की त्या भागाची माहिती उघडते, आणि स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच मिळतो. जुना मदरबोर्ड काढून नव्या प्रोसेसरचा बोर्ड त्याच सांगाड्यात बसवता येतो. मी तो वापरलेला नाही, त्यामुळे त्याला गुण देत नाही. पण लोक त्यासाठी जास्त पैसे का मोजतात ते मला नीट कळतं. इथला मच्छीमार इंजिनाचं वॉशर गेलं म्हणून होडी मोडीत काढत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत तेवढंच मागणं आहे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचा अंक लावावा लागतो, दहापैकी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. कणकवलीच्या दुकानात खोक्यावर तसा अंक छापलेला दिसेल तो दिवस मला हवा आहे. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला २२.३ टक्केच. उरलेल्यातला थोडा आमच्या गावच्या भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमागे, पावसात भिजत पडलेला मी रोज बघते. शेजारी विहीर आहे.

कुणी घेणार असेल तर दोन-चार गोष्टी. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल असेल तर टी४८०वर विंडोज ११ रीतसर चालतं. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणून त्याआधीचा टी४७० स्वस्तात मिळाला तरी सरकारी पोर्टलांच्या कामासाठी नको. टी४८०एस हे नाव जवळजवळ तेच, पण यंत्र वेगळं: त्यात थोडी रॅम सोल्डर केलेली आणि मागची बॅटरी नाही. पुढच्या टी४९०मध्येही तीच गत. नवाच हवा असेल तर टी१४ जेन ५ बघा, २०२४ मध्ये त्यात दोन्ही स्लॉट परत आले आणि यंत्रं उघडून दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिट या साइटने दुरुस्तीसाठी त्याला दहापैकी नऊ दिले. बजेट जमलं तर केंद्रातल्या दुसऱ्या टेबलासाठी मी तो घेणार आहे. जुना घेताना विक्रेत्याकडून बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, बायोसला पासवर्ड नाही ना ते चालू करून बघा, आणि स्क्रीन १९२० बाय १०८०चीच मागा. १३६६वाली माथी मारायला बघतात.