जुन्या इंजिनावर ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन): मॅप सेन्सर की थ्रॉटल सेन्सर?

मूळ कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि एकच थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) असेल तर मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, ट्यून करा. आयडलला ३० ते ४५ किलोपास्कल स्थिर मिळतं, चढाव-उंचीचा हिशेब बराचसा आपोआप होतो. सेन्सरची नळी आखूड ठेवा, थेट प्लेनममधून (थ्रॉटलनंतरची हवेची सामाईक पेटी) घ्या. ब्रेक बूस्टरच्या नळीला जोडली तर ब्रेक दाबताच मिश्रण बिघडतं.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल किंवा तीव्र कॅम (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा) असेल तर व्हॅक्यूम थरथरतो. तिथे थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम हाच खरा आधार. मात्र हवेच्या दाबाची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते, आणि थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू जरा हलला की इंधनाच्या टेबलचा कमी थ्रॉटलचा सगळा भाग चुकतो. टर्बोला हा मार्ग नकोच.

दोन्हीकडे वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) हवाच: टर्बो नसेल तर पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण सुमारे १२.५ ते १३.