निकोसिया : एकाच नावाची दोन संग्रहालयं आणि मधली चौकी

सायप्रसच्या राजधानीत ‘राष्ट्रीय संघर्ष संग्रहालय’ दोन आहेत. एक दक्षिणेत, आर्चबिशपच्या वाड्याला लागून, ते एओकाचं, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या ग्रीक सायप्रसवासीयांच्या गुप्त संघटनेचं. दुसरं उत्तरेत, कीरेनिया दरवाजाच्या पूर्वेला मुसल्ला बुरुजावर, ते टीएमटीचं, म्हणजे तुर्क सायप्रसवासीयांच्या सशस्त्र संघटनेचं. मधे शहराचे दोन भाग करणारा, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला पट्टा. एकच बघून परतणाऱ्याच्या पदरी अर्धा इतिहास पडतो, आणि तोही तिखटमीठ लावलेला. दोन्ही एकाच दिवशी बघावीत, आणि आधी दक्षिणेचं बघावं.

क्रमाला कारण आहे. एओकाचे बॉम्ब १ एप्रिल १९५५ रोजी फुटले. टीएमटी त्यानंतर, १९५७ अखेरीस तुर्क नेते राउफ देंक्ताश आणि दोन साथीदारांनी उभारली. १ ऑगस्ट १९५८ हा तिचा अधिकृत स्थापनादिन. तेव्हा तुर्की लष्कराचे रिझा वुरुश्कान सूत्रं हाती घ्यायला आले होते. उत्तरेच्या दालनात जे आहे ते बरंचसं दक्षिणेतल्या दालनाला दिलेलं उत्तर आहे. प्रश्नच बघितला नसेल तर ते उत्तर नुसतं ओरडल्यासारखं वाटतं.

दक्षिणेचं संग्रहालय १९६१ मध्ये स्थापन झालं. घरगुती बॉम्ब, पत्रं, कपडे आणि ब्रिटिशांनी फाशी दिलेल्या नऊ जणांची स्मृती असा ऐवज आहे. फासाची प्रतिकृती थेट अंगावर येते. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच ठरवून जा. फाशी गेलेल्यांतला शेवटचा एव्हागोरास पालिकारिदिस, १४ मार्च १९५७, वय विशीच्या आत. वस्तू अस्सल, मांडणी भक्तिभावाची. खटकतं ते वेगळंच. एओकाला स्वतंत्र सायप्रस नकोच होता, त्यांना ग्रीसमध्ये विलीनीकरण हवं होतं. टीएमटीला फाळणी हवी होती. १६ ऑगस्ट १९६० रोजी मिळालेलं स्वातंत्र्य दोघांच्याही मागणीत नव्हतं. हे डोक्यात ठेवून फिरलात तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. शिवाय एओकाविरुद्ध ब्रिटिशांनी सहायक पोलिसांत तुर्कांचीच भरती केली. त्यामुळे पोलिसावर झाडलेली गोळी पुष्कळदा तुर्काला लागायची, आणि साम्राज्याविरुद्धचा लढा शेजाऱ्यांमधला होऊन बसला. हा दुवा तुमचा तुम्हालाच जोडावा लागतो.

उत्तरेची कथा १८७८ मध्ये, ब्रिटिश आले तिथून सुरू होते. टीएमटीचं चिन्ह करडा लांडगा, तुर्की वंशकथांमधला. शस्त्रं अनातोलियाच्या किनाऱ्यावरून छोट्या बोटींनी रात्री यायची. १९५९ च्या ऑक्टोबरात ‘देनिझ’ नावाची बोट ब्रिटिश नौदलाने गाठली, तेव्हा खलाशांनी ती बुडवली. गंमत अशी की एओकाचीही शस्त्रांनी भरलेली एक बोट जानेवारी १९५५ मध्ये पाफोसजवळ पकडली गेली होती. दोन्ही बाजूंची रसद समुद्रातूनच, दोन्हींची अडचणही तीच. १९६३ च्या डिसेंबरातला ग्रीक-तुर्क हिंसाचार, त्यानंतर वेढ्यातल्या तुर्क वस्त्या, मग २० जुलै १९७४ चं तुर्की सैन्याचं आगमन इथे ठळक आहे. त्याच सैन्यामुळे दक्षिणेकडे हाकलल्या गेलेल्या ग्रीकांची कहाणी मात्र इथे शोधू नका. १५ नोव्हेंबर १९८३ ला इथे वेगळ्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मान्यता देणारा देश एकच, तुर्कस्तान. टीएमटीचे जुने ‘मुजाहित’, म्हणजे लढवय्ये, तोवर नियमित सुरक्षा दलात गेले होते.

गुण द्यायचे तर वस्तूंसाठी दोन्हींना पाचपैकी चार, प्रामाणिकपणासाठी दोन.

आता चौकी. लेद्रा रस्त्यावरचा हा मार्ग ३ एप्रिल २००८ ला उघडला. तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. इथून मुसल्ला बुरूज साधारण एक किलोमीटर. पासपोर्ट दोन्हीकडे दाखवावा लागतो, फोटोप्रत चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी सायप्रस प्रजासत्ताकाचा व्हिसा घ्यावा आणि लार्नाका किंवा पाफोसला उतरावं. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावरून आलात तर दक्षिणेच्या लेखी तो बेकायदा प्रवेश, आणि चौकीवर अडवलं जाण्याची शक्यता असते. पट्ट्यात आणि सैनिकी इमारतींजवळ कॅमेरा पिशवीतच ठेवा. पलीकडे गेल्यावर फोन तुर्की जाळं पकडतो आणि युरोपीय रोमिंग संपतं, तेव्हा डेटा आधीच बंद करा. चौकीजवळची दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा असतो; थोडे लिरा जवळ असू द्या. संग्रहालयांना सकाळीच जा, दुपारच्या वेळांचा भरवसा नसतो.

या पट्ट्यावरच्या निळ्या शिरस्त्राणांशी आपलाही संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या फौजेचे पहिले सेनापती १९६४ मध्ये जनरल ग्यानी. जनरल थिमय्या इथेच, पदावर असताना, डिसेंबर १९६५ मध्ये वारले. १९७४ मध्ये दोन्ही सैन्यं निकोसियाच्या विमानतळावर डोळा ठेवून असताना तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात ठेवणारे सेनापती प्रेमचंदही भारतीयच. या दोन संग्रहालयांच्या कथेत अशा मधल्या माणसांना फारशी जागा नाही.

गाडीने जायचं असेल तर लेद्रा सोडून आयोस दोमेतिओस चौकी धरा. दक्षिणेत काढलेला गाडीचा विमा उत्तरेत लागू होत नाही, तिथे वेगळा घ्यावा लागतो. भाड्याच्या गाडीला आधी मालकाची परवानगी विचारा. परतताना दक्षिणेत माल आणायची मर्यादा २६० युरोंची, त्यात सिगारेट ४० आणि कडक दारू एक लिटर. झडती रोज होत नाही, पण होते तेव्हा जास्तीचा माल जप्त होतो.