गॉय बॅलन्स घेताय? आधी पंखा बंद करायची तयारी ठेवा

गॉय बॅलन्स म्हणजे पदार्थाचं चुंबकत्व वजनकाट्यावर मोजायचं यंत्र. आमच्याकडे तो आला ऐन मे महिन्यात. पहिल्याच दुपारी कळलं की तो चालू असताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा लागतो. मराठवाड्यातला मे, दारं-खिडक्या लावलेल्या. मी, पीएचडीची तीन पोरं आणि लॅबमधले मामा घामाने निथळत एका काचेच्या नळीकडे बघत बसलो होतो, आणि नळी काही हलायची थांबत नव्हती. शेवटी मामाच म्हणाले, "मॅडम, एसटी गेली की टेबल हलतंय." कॉलेज हायवेला लागून आहे. मग भिंतीत दगडी फळी बसवली, तिला सुताराला न जमणारं भोक गवंड्याकडून पाडून घेतलं, आणि काटा तिच्यावर ठेवला. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तुम्ही धरून चाला.

यंत्र १ लाख ६२ हजारांना पडलं. त्यात चुंबक, पॉवर सप्लाय, वजनकाटा आणि जीएसटी आला. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही त्यांनी नंतर निस्तरल्या.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लुई जॉर्ज गुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८९ साली याचं गणित मांडलं. उच्चार गुई आहे, पण आपल्याकडे परीक्षक, विद्यार्थी आणि विक्रेते सगळे गॉयच म्हणतात, तर तेच चालू द्या. चपट्या बुडाच्या अरुंद नळीत पूड ठासून भरायची आणि खालचं टोक विजेवर चालणाऱ्या चुंबकाच्या दोन तोंडांच्या मधोमध येईल अशी ती काट्याखाली टांगायची. आधी करंट नसताना वजन घ्यायचं, मग करंट देऊन. पदार्थात जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतील तर नळी खाली खेचली जाते, वजन वाढतं. सगळे जोडीने असतील तर ती किंचित वर ढकलली जाते, वजन घटतं. एवढंच. या फरकावरून ससेप्टिबिलिटी (पदार्थ चुंबकाला किती दाद देतो), तिच्यावरून मोमेंट (धातूच्या एका अणूचं चुंबकत्व, बोर मॅग्नेटॉन या एककात). एक सुटा इलेक्ट्रॉन असेल तर १.७३ बोर मॅग्नेटॉन, दोन असतील तर २.८३, पाच असतील तर ५.९२, आणि त्याच्या आसपास धातूप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

आता तक्रारी. नळी टांगायला दिलेली साखळी चक्क स्टीलची होती. नुसती साखळी टांगून करंट दिला तरी वजन बदलायचं. मामांनी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, तेव्हा ते थांबलं. दुसरी तक्रार मोठी. कोटेशनमध्ये चार आकडी काटा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमचा, आणि खोक्यात निघाला तीन आकडी. आमच्या चुंबकावर मोरचूद भरलेल्या नळीचं वजन सहा मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं आणि रिकाम्या काचेच्या नळीचं अर्धा मिलिग्रॅम घटतं. तीन आकडी काट्यावर हा अर्धा मिलिग्रॅम दिसणार कसा? चार महिने आणि असंख्य फोन झाल्यावर काटा बदलून मिळाला. पैसे मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिते.

मॅन्युअल चार पानांचं आहे. त्यात यंत्र जुळवायचं प्रमाण म्हणून मर्क्युरी कोबाल्ट थायोसायनेटची ससेप्टिबिलिटी दिली आहे १६.४४, दहाचा उणे सहावा घात. फिगिस आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ साली सुचवलेलं हे मीठ आजही सगळे वापरतात, आकडाही बरोबर आहे, पण तो २० अंश सेल्सिअसचा. आमच्या लॅबमध्ये २० अंश डिसेंबरच्या पहाटे असतं, आणि तेव्हा कॉलेज बंद असतं. केल्विनमधल्या तापमानात १० मिळवून उलट प्रमाण लावलं की ३४ अंशाला तो आकडा १५.७ होतो. म्हणजे साडेचार टक्क्यांचा फरक. थर्मामीटर नळीशेजारी लटकवून ठेवा. मीठ कंपनीने दिलं नाही, आम्हीच बनवलं. गडद निळं, दिसायला फार सुंदर, पण आत पारा आहे. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, वेगळी बाटली ठेवा.

एवढं सगळं असूनही मी हे यंत्र परत का घेईन, ते निकेलवालीमुळे. आमच्याकडे पोरांना त्यांच्या विषयावरून हाक मारतात. हिने सॅलिसिलाल्डिहाइड आणि ऑर्थो-फिनिलीनडायमाइन यांच्या शिफ बेसपासून निकेलचा लाल कॉम्प्लेक्स बनवला होता. शिफ बेस हा इथे लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू; दोघांची जोडणी तो कॉम्प्लेक्स. लाल आणि चौरस सपाट, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, मोमेंट शून्य यायला हवा. आला ०.९. ती म्हणाली, "मॅडम, मशीनच खराब आहे." मी म्हटलं, करंट बदलून बघ. दोन अँपियरला १.१, तीनला ०.९, चारला ०.८. चुंबक जोरात केलं की ससेप्टिबिलिटी कमी होत असेल तर पुडीत लोखंड आहे हे ओळखावं. तिचा स्पॅच्युला बघितला, टोकाला घासून चकचकीत झालेला स्टीलचा. पुन्हा बनवून प्लॅस्टिकच्या चमच्याने भरलं, तर ०.५, आणि आता करंट बदलला तरी तेवढाच. म्हणजे लोखंड गेलं, पण दुसरं काहीतरी होतं. काय असणार, लिगंडला न लागलेला निकेल अॅसिटेट, म्हणजे उरलेला कच्चा माल. दोन-तीन टक्के उरला तरी एवढा मोमेंट दिसतो. डीएमएफ या द्रावकातून पुन्हा स्फटिक काढले, वाळवले, भरले. रिकामी नळी ०.५ मिलिग्रॅमने घटायची, भरलेली ०.८ ने घटली. वजन कमी झालं म्हणून टाळ्या वाजवणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.

खरी गोष्ट तर पुढे आहे. पहिल्या, अशुद्ध मालाची जिवाणूंवरची चाचणी तिने आधीच करून ठेवली होती. आगर प्लेट, सहा मिलिमीटरचा खळगा, ई. कोलाय. भोवतीचं स्वच्छ, म्हणजे जिवाणू न वाढलेलं, वर्तुळ १४ मिलिमीटर. लिगंडपेक्षा कॉम्प्लेक्स जास्त मारक, कारण चिलेशनमुळे (लिगंडने धातूला चिमट्यासारखं पकडल्यामुळे) धातूची ध्रुवता कमी होऊन तो जिवाणूच्या पडद्यातून सहज आत शिरतो, हे ट्वीडी या शास्त्रज्ञाचं वाक्य प्रबंधात टाकूनही झालं होतं. (हे वाक्य नसलेला शिफ बेसचा प्रबंध महाराष्ट्रात मी अजून बघितलेला नाही.) शुद्ध केलेल्या मालाला वर्तुळ आलं ११. नुसत्या डीएमएसओला, म्हणजे ज्यात माल विरघळवला त्या द्रावकाला, ८. म्हणजे आम्ही ज्याला कॉम्प्लेक्सची करामत म्हणत होतो, त्यातला बराच वाटा सुट्या निकेलचा होता. हे बाहेरच्या चाचणी केंद्राकडे नमुना पाठवून कळलं नसतं. तिथून महिन्याने एक पीडीएफ येते, आणि पीडीएफमधला आकडा कोणी करंट बदलून तपासत नाही.

फेराइटवाल्याने मात्र ऐकलं नाही. सायट्रिक अॅसिड घालून जेल पेटवून केलेला कोबाल्ट फेराइट (लोखंड आणि कोबाल्टचं जोरदार चुंबकीय ऑक्साइड), काळा भुगा. मी वर्गात असताना त्याने नळी भरून टांगली आणि करंट दिला. नळी खाली गेलीच नाही, आडवी जाऊन चुंबकाच्या तोंडाला चिकटली आणि फुटली. भुगा काढायला अर्धी दुपार आणि सेलोटेपचं अख्खं रीळ गेलं. गॉय बॅलन्स पॅरामॅग्नेटिक (किंचित खेचल्या जाणाऱ्या) आणि डायमॅग्नेटिक (किंचित ढकलल्या जाणाऱ्या) पदार्थांसाठी आहे. फेराइटला व्हीएसएमच लागतं, म्हणजे नमुना थरथरवत चुंबकत्व मोजणारं यंत्र, आणि त्यासाठी बाहेरच्या केंद्राकडेच जावं लागतं. तिथे सॅच्युरेशन (जास्तीत जास्त चुंबकत्व किती), कोअर्सिव्हिटी (ते पुसायला उलटं चुंबक किती), लूप (दोन्ही दाखवणारा आलेख) सगळं मिळतं, आणि त्या पीडीएफबद्दल माझी काही तक्रार नाही.

फिल्मवाल्याचं काम तर याच्यावर होणारच नाही. स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, काचपट्टीवर निकेल फेराइटचा ३०० नॅनोमीटरचा थर. एक चौरस सेंटिमीटर काचेचं वजन ३०० मिलिग्रॅम, त्यावरच्या थराचं ०.१६. म्हैस मोजताना तिच्या पाठीवरचा बगळा मोजण्यातला प्रकार. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र 'थिन फिल्मसाठीही उपयुक्त' असं छापलं आहे. ते मनावर घेऊ नका.

मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनाही या चुंबकाचा मोह झाला. चुंबकीय दिशेने पोहणारे जिवाणू असतात. १९६३ मध्ये इटलीत बेलिनी यांना दिसले, १९७५ मध्ये ब्लेकमोर यांनी ते जगापुढे आणले. पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ असते, होकायंत्राच्या सुईसारखी. मॅडमनी तळ्यातला चिखल सेंट्रिफ्यूज करून आणला होता. मी त्यांना जुन्या स्पीकरचं चुंबक दिलं आणि चिखलाच्या बाटलीला बाहेरून लावून ठेवायला सांगितलं. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा स्लाइडवरच्या थेंबाच्या एका कडेला बारीक ठिपके गोळा होताना दिसले, चुंबक फिरवलं की दुसऱ्या कडेला निघालेले. त्यासाठी १ लाख ६२ हजार लागत नाहीत.

घेणार असाल तर काटा कितीचा ते डोळ्यांनी बघून मगच पावतीवर सही करा. पॉवर सप्लाय करंट स्थिर ठेवणारा मागा. आमचा तसा आहे, आणि गुंडाळी तापली तरी आकडा ढळत नाही. हे त्यांचं काम उत्तम. साडीची सेफ्टी पिन, केसांच्या पिना आणि घड्याळ बाहेर काढून ठेवा. माझी पदराची पिन एकदा चुंबकाच्या तोंडाला जाऊन चिकटली, पदरासकट. आणि नळ्या डझनभर मागवा. आमच्याकडे सहा आल्या होत्या. एक फेराइटवाल्याने फोडली, एक एसटीने, दोन धुताना गेल्या.