"8 लाख बाट आम्ही दाखवतो": थायलंडच्या निवृत्ती व्हिसात पैसे कुठे बुडतात

ठाण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचं थाई बँकेचं पासबुक उघडलं की फसवणूक दोन ओळींत दिसते. सकाळी 8 लाख बाट जमा, त्याच दुपारी 8 लाख बाट वजा. मधल्या चार-पाच तासांत व्हिसाच्या अर्जासाठी बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र काढून घेतलेलं. खातं गृहस्थांच्या नावाचं, पैसे व्हिसा एजंटचे. खातं उघडतानाच पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर त्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि पासबुक "सांभाळायला" एजंटकडेच होतं. दादर स्टेशनजवळच्या ऑफिसात या पॅकेजचे दीड लाख रुपये घेतले गेले, त्यातले बहुतेक रोख.

पासपोर्टवर थायलंडमध्ये राहण्याची वर्षभराची मुदतवाढ मिळाली, म्हणून वर्षभर कुणालाच काही खटकलं नाही. शिक्का भलत्याच प्रांतातल्या कार्यालयाचा होता, जिथे हे गृहस्थ कधी राहिलेच नव्हते. पुढच्या वर्षी घराजवळच्या इमिग्रेशन कार्यालयात गेले तेव्हा काउंटरवर आधी मागच्या 12 महिन्यांचं पासबुक मागितलं. त्यात होते 500 बाट. एजंटने आता दुप्पट रक्कम सांगितली, आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

अशा एजंटचं फावतं, कारण गिऱ्हाइकाला नियम अर्धाच सांगितलेला असतो. पूर्ण नियम असा: वय 50 पूर्ण हवं. थाई बँकेत, फक्त स्वतःच्या नावावर, किमान 8 लाख बाट मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने पडून असायला हवेत. मंजुरीनंतर आणखी तीन महिने त्यातला एक बाटही हलवायचा नाही. त्यानंतर वर्षभर शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हा मंजुरीनंतरचा भाग 2019 पासून लागू आहे, आणि एजंट नेमका तोच गाळतो. "एक दिवस पैसे दाखवले की काम झालं" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठावं. एजंट सुटतो, अर्जावर सही तुमची असते. शिवाय मुदतवाढ नाकारली गेली आणि तुम्ही राहून गेलात तर दिवसाला 500 बाट दंड, कमाल 20,000. 90 दिवसांहून जास्त राहिलात तर स्वतःहून निघालात तरी एक वर्षाची प्रवेशबंदी.

दुसरी चाल रुपयांची. "तुम्ही 22 लाख इथे द्या, तिकडे तुमच्या खात्यात बाट येतील, टीसीएस वाचेल." टीसीएस म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो आयकर. आणि तो चुकवणारा हा व्यवहार म्हणजे सरळ हवाला, बँकेबाहेरची पैशांची देवाणघेवाण. परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून तातडीची अडचण थायलंडमध्ये येते. तुमच्या खात्यात पैसे टाकणारा तिथला कुणी अनोळखी असतो, आणि 2023 च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या वटहुकमानंतर थाई बँका संशयित खाती झटपट गोठवतात. खातं गोठलं की तुमचे खरे पैसेही अडकले. आणि इमिग्रेशनने पैसे परदेशातून आल्याचा पुरावा मागितला, तर तो तुमच्याकडे नसतोच.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे, पण मुंबईत बसून होतो. आपल्याच बँकेत पॅन आणि फॉर्म ए2 देऊन एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, रक्कम पाठवायची. वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर, त्यामुळे तिची चिंता नाही. टीसीएसची आहे: आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. बाट पावणेतीन रुपयांना धरला तर 8 लाख बाट म्हणजे 22 लाख रुपये, आणि टीसीएस 2 लाख 40 हजार. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. म्हणून 10 लाख मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये पाठवले तर टीसीएस फक्त 2 लाखांवर, म्हणजे 40 हजार लागतो. मात्र दोन महिन्यांची मोजणी पूर्ण 8 लाख जमा झाल्यापासूनच धरायची. कर्ज काढून ठेव पाठवायचा विचार सोडा, एलआरएसखाली अशा पाठवणीसाठी बँकांनी कर्ज देणं रिझर्व्ह बँकेला मान्य नाही.

पाठवताना शुल्काचा पर्याय "ओयूआर" घ्या, म्हणजे मधल्या बँकेची कपात तुमच्याकडून इथेच वसूल होईल. तरीही वर 10-15 हजार बाट जास्त पाठवा. 7,99,600 शिल्लक म्हणजे अर्ज नामंजूर, तिथे "जवळजवळ" चालत नाही. स्विफ्टची, म्हणजे बँकेने परदेशी पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत आणि थाई बँकेचं पैसे जमा झाल्याचं पत्र जपून ठेवा.

आता बँकेची निवड. बँकॉक बँक, कासिकॉर्न, सायाम कमर्शियल, क्रुंग थाई यांपैकी कोणती, यावर लोक वाद घालतात. त्याहून शाखा महत्त्वाची. काही बँका शिल्लक पत्र खातं उघडलेल्या शाखेतूनच देतात, म्हणून राहणार तिथली शाखा धरा. मोबाइल वॉलेट म्हणजे बँक नव्हे, त्यातली रक्कम मोजत नाहीत. नवरा-बायकोचं संयुक्त खातंही नको. थाई ठेव संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 10 लाख बाटपर्यंत आहे, त्यामुळे 8 लाखांसाठी ते पुरतं. या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. कार्डाचं वार्षिक शुल्क परस्पर कापलं जाऊन शिल्लक नेमकी त्या दोन महिन्यांत 8 लाखांखाली येते. खर्चासाठी वेगळं खातं ठेवा. अर्जाच्या दिवशी सकाळी 100 बाट भरून पासबुक अद्ययावत करा आणि पत्र ताजंच घ्या. मुदतवाढीचं सरकारी शुल्क 1,900 बाट आहे. यावरून दीड लाखाच्या पॅकेजचं गणित तुम्हीच करा.

महिना 65,000 बाट उत्पन्नाचा पर्यायही आहे. मुंबईकर पेन्शनवाल्यांना तो क्वचितच परवडतो, कारण ते महिना पावणेदोन लाखांच्या वर जातं. तो घेतलाच तर प्रत्येक महिन्याची रक्कम त्याच महिन्यात यायला हवी, आणि पासबुकात ती परदेशी म्हणून नोंदली जायला हवी. बँकॉक बँकेत अशा नोंदीपुढे "एफटीटी" दिसतं. काही पैसे पाठवणाऱ्या ॲपची रक्कम शेवटच्या टप्प्यात स्थानिक हस्तांतरण म्हणून पडते. महिनोन्महिने पैसे येऊनही काउंटरवर ती मोजत नाहीत. पहिली रक्कम आली की लगेच पासबुक छापून नोंद तपासा, आणि चुकीची दिसली तर मार्ग बदला.

भारतात कर निवासी असाल तर हे खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, दाखवावं लागतं. काळ्या पैशांविषयीच्या 2015 च्या कायद्यात न दाखवल्यास 10 लाख रुपये दंड आहे. 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला, स्थावर सोडून, त्या दंडातून सूट आहे. 8 लाख बाट ती मर्यादा ओलांडतात.

एजंटच्या हाती खातं गेलंच असेल तर आधी बँकेत स्वतः जाऊन नवं पासबुक घ्या, जुनं रद्द करा, नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे का पाहा आणि कोऱ्या स्लिपा दिल्याचं लेखी कळवा. मुंबईत ऑनलाइन पैसे दिले असतील तर 1930 वर लगेच तक्रार करा. व्यवहार क्रमांक, चॅट आणि पावत्या एकत्र ठेवा. रोख दिली असेल तर पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला भेटा, कारण हवाल्याच्या रकमेची तक्रार करताना आपलाही भाग उघड होतो. आणि मुदतवाढ संपायला अजून तीन महिने असतील, तर आजच स्वतःचे पैसे पाठवून दोन महिन्यांची मोजणी सुरू करता येते, मात्र वर्षभराचं रिकामं पासबुक काउंटरवर आड येऊ शकतं, हे धरूनच तिथल्या वकिलाशी बोला.